अपरिचित शब्दांचा परिचय

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याच्या इच्छेने विद्यार्थी बहुधा कठीण शब्दांची यादी करून पाठांतरास आरंभ करतो. परंतु ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे प्रकाशन १८८४ साली सुरू होऊन १९२८ साली पुरे झाले, तेव्हा त्यात चार लाखांहून अधिक शब्दांचे विवरण होते. एवढे शब्द पाठ करणे कोणाच्याच आवाक्यातील नाही. म्हणून कोणते शब्द निवडावे आणि ते आपलेसे कसे करावे, हाच खरा प्रश्न होय.

अर्धवट ओळखीच्या शब्दाने होणारी फजिती शेरिडन या नाटककाराने १७७५ सालच्या ‘द रायव्हल्स’ या नाटकात रंगविली आहे. त्यातील मिसेस मॅलाप्रॉप या बाईंना भारदस्त शब्दांची हौस फार. परंतु नादसाम्यावर भिस्त ठेवल्यामुळे ‘अ‍ॅलिगेटर’ म्हणजे सुसरीसारखा प्राणी म्हणावयाचा, तेथे त्या ‘अ‍ॅलेगरी’ म्हणजे रूपककथा म्हणून जातात. अशा चुकीस पुढे ‘मॅलाप्रॉपिझम’ हेच नाव पडले. रंगभूमीवर त्याने हशा पिकतो; नोकरीच्या अर्जात मात्र असा एक शब्दही लिहिणाऱ्याची पत घालवू शकतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे शब्द एकटा न शिकता त्याच्या कुटुंबासह शिकणे. संस्कृतातील ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द कसे होतात, हे मराठी विद्यार्थ्यास परिचित असते. इंग्रजीतील पुष्कळ कठीण शब्द लॅटिन व ग्रीक धातूंपासून असेच सिद्ध झाले आहेत. लॅटिनमध्ये ‘लोक्वी’ म्हणजे बोलणे. त्यावरून ‘इलोक्वंट’ म्हणजे वक्तृत्वसंपन्न, ‘लोक्वेशस’ म्हणजे वाचाळ, ‘कलोक्विअल’ म्हणजे बोलीतील आणि ‘सलिलोक्वी’ म्हणजे स्वगत. ‘व्हेंटर’ म्हणजे पोट, हे कळले की पोटातून बोलल्याचा भास करणारा शब्दभ्रमकार ‘व्हेंट्रिलोक्विस्ट’ का, हेही उमगते. तथापि केवळ धातू पुरत नाही. ‘इलोक्वंट’ ही स्तुती आणि ‘लोक्वेशस’ ही निंदा, हा भेद वाक्यातील उपयोगावरूनच समजतो.

निवडीची कसोटी सोपी आहे. साध्या शब्दाने जे सांगता येत नाही, ते सांगणारा शब्द घ्यावा. ‘बिगिन’ने काम भागत असता ‘कमेन्स’ लिहून अर्थात भर पडत नाही. उलट, कोरड्या भूमीवर पाऊस पडताच दरवळणाऱ्या वासाला इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘पेट्रिकोर’ हा शब्द दिला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे पाषाण आणि ‘आयकोर’ म्हणजे देवांच्या अंगातील रक्तरस. मराठीत ज्यास मृद्गंध म्हणतात, त्यासाठी इंग्रजीत पूर्वी अख्खे वाक्य खर्चावे लागे. आता एक शब्द पुरतो.

असा शब्द वाचनात आला की वहीत त्याचा धातू, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि स्वतः रचलेले एक वाक्य, अशी तीन टिपणे करावी. दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने पान झाकून तो आठवून पाहावा. रोज दोनच शब्द असे पक्के झाले, तरी वर्षात सातशेहून अधिक शब्द पदरी पडतात आणि लिहिताना ते दगा देत नाहीत.