जिल्ह्याची हद्द, गावाची वेस आणि साथीचे दिवस

जाफराबाद तालुक्याला रेल्वे नाही. जालन्याला जायचे तर एसटी, काळीपिवळी किंवा कुणाची तरी मोटारसायकल. तालुक्याची एक बाजू बुलढाणा जिल्ह्याला लागलेली आहे. नकाशात तिथे मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो, पण आपल्या सोयरिकी नकाशा पाहून झालेल्या नाहीत. कुणाची लेक चिखलीकडे दिलेली, कुणाची सून देऊळगाव राजाकडची. बाजार इकडचा, दवाखाना तिकडचा. मोठे दुखणे आले की औरंगाबादची घाटी. कामाला माणसे पुण्या-मुंबईला, वीटभट्टीवर, ऊसतोडीला.

अशा ठिकाणी २३ मार्च २०२० रोजी राज्य सरकारने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि २४ च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागली. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांची नाकाबंदी, गावाच्या वेशीवर काट्याकुपाट्या आणि आडवी लावलेली बैलगाडी. समुद्रापासून इतक्या दूर असलेली आपली गावे महिनोन्‌महिने बेटासारखी झाली. त्या बेटातही आपली वस्ती म्हणजे आणखी एक लहान बेट.

हे सगळे आता का काढायचे, असे काही वाचक विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण ज्या कायद्याच्या आधारे आपल्याकडे हद्दी बंद झाल्या, तो साथरोग अधिनियम १८९७ चा आहे आणि आजही लागू आहे. पुढची साथ कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. ती आली तर प्रवासाचे नियम पुन्हा येतील. त्या वेळी आपल्या वस्तीजवळ काय तयार असेल, हा आमच्या पुढचा प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्रवासबंदीने रोग मरत नाही, तो उशिरा येतो. त्या मिळालेल्या वेळात तयारी झाली तर बंदी कामाची, नाही तर नुसता जाच. याचा सगळ्यात स्पष्ट दाखला प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांचा आहे. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘तालुने’ नावाची बोट न्यूझीलंडहून पश्चिम सामोआत आली. बोटीवर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते. त्यांना अडवले नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या बेटांवरची सुमारे पाचवा हिस्सा माणसे मेली. शेजारच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी येणाऱ्या बोटींना विलगीकरण सक्तीचे केले आणि तिथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. मधले समुद्राचे अंतर थोडेच, लोक एकाच रक्ताचे. फरक फक्त बंदरावर घेतलेल्या निर्णयाचा.

आपल्या देशातला दाखला लक्षद्वीपचा. दहा वस्तीची बेटे, २०११ च्या जनगणनेनुसार साधारण ६४ हजार लोक. २०२० च्या संपूर्ण वर्षात तिथे कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता. बेटावर जाणाऱ्याला आधी कोचीत सात दिवस विलगीकरणात राहावे लागे, मग चाचणी, मग बोट, आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा काही दिवस घरात. डिसेंबर २०२० च्या अखेरीस हा नियम सैल केला. चाचणी निगेटिव्ह असली की थेट प्रवेश. १८ जानेवारी २०२१ रोजी पहिला रुग्ण सापडला आणि त्याच उन्हाळ्यात रुग्णसंख्या हजारांत गेली.

नुसती चाचणी पुरेशी का पडली नाही? कोरोनाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. कालच लागण झालेल्या माणसाची आज चाचणी केली तर ती निगेटिव्ह येते, आणि तो माणूस चार दिवसांनी घरभर रोग पसरवतो. चौदा दिवसांचा आकडा यातून आला. इन्फ्लुएंझात हा काळ एक ते चार दिवसांचा असतो. म्हणजे प्रत्येक साथीचे दिवस वेगळे, आणि आपण विचारायचा पहिला प्रश्न हाच: या रोगात वेगळे किती दिवस राहायचे?

लक्षद्वीपची दुसरी बाजू आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे माणसाला अडवले तेव्हा त्याने कुठे थांबायचे ते ठरलेले होते. आपल्याकडे माणसाला अडवले गेले, पण त्याने थांबायचे कुठे आणि खायचे काय, हे कुणी सांगितले नाही.

त्याची किंमत आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्याने पाहिली. जालन्याच्या एका स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले वीस मजूर, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले, बहुतेक आदिवासी, ७ मे २०२० च्या संध्याकाळी पायी निघाले. भुसावळहून श्रमिक रेल्वे मिळेल अशी त्यांना आशा होती. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून रुळाच्या कडेने चालत राहिले. रेल्वे बंद आहे या समजुतीने थकून रुळावरच आडवे झाले. ८ मे च्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास बदनापूर ते करमाड दरम्यान मालगाडी त्यांच्या अंगावरून गेली. सोळा जण गेले. वाचलेल्यांनी सांगितले की त्यांनी पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नव्हते.

या घटनेला आपण अपघात म्हणतो. पण आमच्या मते आरोग्याच्या पानावर तिची नोंद साथीतल्या मृत्यूंमध्येच व्हायला हवी. विषाणूने मेलेला आणि विषाणूसाठी केलेल्या नियमाने मेलेला, दोघांच्या घरी रडणे सारखेच. सर्वोच्च न्यायालयाने मे अखेरीस आदेश दिला की स्थलांतरित मजुरांकडून बस-रेल्वेचे भाडे घेऊ नये, त्यांना अन्नपाणी द्यावे. ९ जूनला पंधरा दिवसांत सर्वांना घरी पोहोचवण्यास सांगितले. करमाडनंतर महिनाभराने.

पासचेही बघा. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागे. अर्ज मोबाइलवर, फोटो चढवा, आधार चढवा, डॉक्टरचा दाखला चढवा. ज्याच्या घरात स्मार्टफोन आणि भरायला येणारे पोर आहे त्याचे काम होई. बाकीच्यांना झेरॉक्सवाल्याकडे जावे लागे, आणि ते दुकानही बंद. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला हा पास रद्द झाला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत तो परत आला. २२ एप्रिल २०२१ पासून खासगी वाहनाने दुसऱ्या जिल्ह्यात जायला फक्त दवाखाना, अंत्यविधी किंवा अत्यावश्यक सेवा एवढीच कारणे चालत आणि मोडणाऱ्याला दहा हजार रुपये दंड होता. लग्नाला पंचवीस माणसे, दोन तासांत उरकायचे. बसने उतरणाऱ्याच्या हातावर चौदा दिवस घरी राहण्याचा शिक्का. या आदेशात दवाखान्याला जायला मुभा होती, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नव्हते. नाक्यावर अडवतील या भीतीने बाळंतीण आणि दम्याचे म्हातारे घरात थांबून राहिले.

लस आली तेव्हा उलट दिशेचा प्रवास सुरू झाला. मे २०२१ च्या सुरुवातीला अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना नोंदणी ऑनलाइनच होती. शहरातली मंडळी मोबाइलवर ग्रामीण केंद्राची वेळ घेऊन गाडीने आली आणि टोचून परत गेली. राज्यात ठिकठिकाणी हे घडले. गावची माणसे केंद्राच्या दारात उभी आणि डोस संपलेला. त्यांच्यासाठी जिल्ह्याची हद्द उघडी होती!

साथीचा नियम गरिबावर जास्त जोरात पडतो, हे आपल्याला नवे नाही. १८९७ च्या कायद्यातच रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार आहे, आणि प्लेगच्या काळात त्याचा जाच तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांनीच जास्त सोसला. त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी आणि यशवंतरावांनी पुण्याबाहेर मोकळ्या जागेवर दवाखाना उघडला होता. रुग्णाला वेगळे ठेवणे आणि रुग्णाला टाकून देणे यातला फरक त्या दवाखान्यात दिसतो.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरातून आला आणि रेल्वेने देशभर गेला. देशात एक कोटीहून जास्त माणसे मेली. मुंबई शहराच्या तेव्हाच्या आकडेवारीत जातवार नोंद आहे. युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून लिहिलेल्यांत ६१.६. विषाणूने जात विचारली नव्हती. एका खोलीत दहा माणसे कुणाची झोपत होती, कुणाच्या चाळीला उजेड नव्हता, कुणाला डॉक्टर हात लावत नव्हता, त्याचा हा हिशेब आहे.

म्हणूनच २०२० मध्ये ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द आपल्या कानाला टोचला. सामाजिक अंतर आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाहिजे होते ते शरीराचे अंतर, तेही ठरावीक दिवसांपुरते. आजाऱ्याची ताटवाटी वेगळी ठेवावी, ती साबणाने धुतली की पुन्हा वापरात यावी. आजाराच्या नावाखाली विटाळ परत घरात शिरू द्यायचा नाही. बाहेरगावाहून आलेल्या आपल्याच पोराला हाडतूड करणारी घरे वस्तीतही निघाली, हे कबूल करायला हवे.

नियम पाळायला आपला समाज मागे नव्हता. १४ एप्रिल २०२० ची जयंती घराघरांत झाली. त्या वर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा भरला नाही. ६ डिसेंबरला लाखोंनी चैत्यभूमीला जाणारे लोक घरी थांबले आणि दूरदर्शनवर अभिवादन पाहिले. एवढ्या मोठ्या समाजाने प्रवास टाळला, याची बातमी फार थोड्यांनी केली.

आता वस्तीत काय करता येईल ते. पहिली गोष्ट जागेची. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, तिथे ‘घरी विलग राहा’ याला अर्थ नाही. २०२० मध्ये बाहेरून आलेल्यांना अनेक गावांत जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले. शाळा गावाच्या ताब्यात असते, कुणाला कुठली खोली मिळेल ते गाव ठरवते. आपल्याकडे विहार आहे, समाजमंदिर आहे. त्याला समोरासमोर खिडक्या आहेत का, नळ आहे का, बायकांना जाता येईल असे संडास आहे का, हे आजच पाहावे. नसेल तर ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्याची मागणी लेखी नोंदवावी. साथ नसतानाही ते संडास वाया जाणार नाही. खोलीत हवा खेळती राहणे हे कोरोना, इन्फ्लुएंझा आणि क्षय या तिन्ही रोगांत उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. साथीच्या काळात रक्तदाब, साखर, फिट्स, क्षयरोग यांच्या गोळ्या बंद पडल्याने नुकसान होते. हद्द बंद होण्याची कुणकुण लागली की आशाताईंना सांगून महिन्याची औषधे आधीच आणावीत. कामाला बाहेरगावी जाणाऱ्याने आपला जुना कागद, गोळ्यांचे पाकीट आणि रेशनकार्डाची प्रत सोबत ठेवावी. आता एकाच शिधापत्रिकेवर देशात कुठेही धान्य उचलता येते. पुण्यात किंवा सुरतेत अडकलेल्या आपल्या माणसाला हे माहीत असले तर उपाशीपोटी चालत निघण्याची वेळ कमी येईल.

तिसरी गोष्ट, कधी थांबायचे आणि कधी निघायचे. श्वसनाच्या साथीत ताप-खोकल्याचा माणूस घरी थांबला तर चालते, पण त्याचा ऑक्सिजन पाहत राहावे लागते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर वस्तीत वर्गणीतून एक तरी असावे. बसल्या जागी ९४ च्या खाली आकडा गेला तर वाट पाहू नये. आकडा ठीक असेल तर सहा मिनिटे सपाट जागेवर चालायला लावावे, साठीपुढच्यांना तीन मिनिटे. चालून ९३ च्या खाली गेला, किंवा चालण्याआधीपेक्षा तीनहून जास्त उतरला, किंवा धाप लागली, तर दवाखाना. दम्याच्या रुग्णाला ही चालण्याची चाचणी देऊ नये. बोलताना धाप, ओठ निळे, माणूस गुंगीत, यांपैकी काही दिसले तर आकडाही बघत बसू नये.

निघताना नाक्याची भीती धरू नये. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, बाळंतिणीसाठी १०२. स्वतःच्या गाडीने निघालात तर आधीच्या उपचाराचा कागद वरच्या खिशात ठेवावा आणि अडवणाऱ्याला आधी रुग्ण दाखवावा, मग कागद. जाफराबादहून चिखलीचा दवाखाना जवळ पडत असेल तर तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून टाळू नये. १०८ ला फोन लावताना मात्र ‘जाफराबाद’ एवढेच सांगून थांबू नये. गावाचे नाव, तालुका, जिल्हा जालना आणि वस्तीपर्यंत गाडी येते का, येत नसेल तर रुग्णाला कुठल्या फाट्यावर आणून ठेवता, हे सांगावे आणि फोन चालू ठेवावा.