एआय एजंटांच्या कामांची नोंदवही

कोड लिहिणारा एआय एजंट एका वेळी मर्यादित मजकूरच ध्यानात ठेवू शकतो. सत्र संपले की काय ठरले होते आणि काय अर्धवट राहिले, हे त्याला सहसा आठवत नाही. एकाच प्रकल्पावर अनेक एजंट असतील, तर दोघांनी तेच काम हाती घेण्याचा धोकाही असतो. म्हणून कामांची नोंद एजंटाच्या बाहेर, कमांड लाइनवरून वाचता-लिहिता येईल अशा जागी ठेवली जाते.

सॉफ्टवेअर अभियंते स्टीव्ह येगी यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘बीड्स’ हे असेच एक मुक्तस्रोत साधन आहे. त्यात प्रत्येक कामाचे प्राधान्य आणि स्थिती नोंदवतात. कोणते काम कशामुळे अडले आहे, हेही लिहिता येते. ‘बीडी रेडी’ ही आज्ञा दिली की अडथळा नसलेलीच कामे दिसतात. एजंट त्यांतले एक आपल्या नावावर घेतो आणि पूर्ण झाल्यावर बंद करतो. काम करताना सापडलेला नवा दोष मूळ कामाशी जोडून नोंदवता येतो.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत या नोंदी गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत कोडसोबतच राहत. कामांना ओळीने क्रमांक दिले, तर कोडच्या वेगवेगळ्या शाखांवर नोंदवलेल्या दोन कामांना एकच क्रमांक पडू शकतो. म्हणून पुढे हॅशवर आधारित क्रमांक आले.

अशा नोंदीमुळे कामाची वाटणी सुरळीत होते. तयार झालेला कोड बरोबर आहे की नाही, हे मात्र वेगळे तपासावेच लागते.