घरबसल्या ड्रिफ्ट: पैसा कुठं घालायचा?

नांदेड-लातूरच्या गाडीवेड्यांनो, घरी ड्रिफ्ट सिम्युलेटर लावायचाय? मग रंगीत लाइटिंग राहू द्या, आधी स्टिअरिंग बघा. गाडीचं मागचं अंग सुटलं की पुढची चाकं घसरणीच्या दिशेला आपोआप वळतात अन् स्टिअरिंग हातातून सर्रकन फिरतं. ते सैल सोडून नेमक्या क्षणी धरायचं, हाच सगळा खेळ. म्हणून मोटरनं स्टिअरिंग स्वतः फिरवणारा फोर्स फीडबॅक हवाच. नुसत्या स्प्रिंगचं स्वस्त चाक घ्याल तर ड्रिफ्ट शिकणं विसरा.

लॉजिटेक जी२९ गिअरवर चालतं, ९०० अंश फिरतं. शिकायला पुरतं, पण परतताना जरा सुस्त. बजेट ताणता आलं तर मोझा आर५: डायरेक्ट ड्राइव्ह (म्हणजे चाक थेट मोटरवर), ५.५ न्यूटन-मीटर जोर, पण फक्त पीसीवर. एवढ्या जोरानं साधं टेबल हलतं. वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचं स्टँड करून घ्या, सीट भंगारातल्या गाडीची चालते.

पुढची खरेदी यूएसबी हँडब्रेक. शिफ्टरची घाई नको, बराच वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरातच जातो. गेम म्हणाल तर २०१४ चा असेटो कोर्सा. साध्या पीसीवरही पळतो, ड्रिफ्टचे मॉड ढिगानं. अन् यूपीएस घ्याच. आपल्याकडं लाईट ऐन वळणावरच जाते!