महामार्गावर मोटार का थरथरते?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्रामचे नाव भारतीय मोटारगाडीच्या इतिहासाशी निगडित आहे. हे शहर गुडगाव या नावाने ओळखले जात असताना, १४ डिसेंबर १९८३ रोजी, तेथील कारखान्यात तयार झालेली पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती देण्यात आली. पुढे २००८ साली दिल्ली व गुडगाव यांना जोडणारा सुमारे २८ किलोमीटर लांबीचा द्रुतगती मार्ग खुला झाला. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा गुरुग्राम जिल्ह्यातील सोहना ते राजस्थानातील दौसा हा भाग १२ फेब्रुवारी २०२३ रोजी उद्घाटित झाला. अशा मार्गांवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा असू शकते. चाळीस वर्षांत गाडी बदलली. रस्ता तर त्याहूनही अधिक बदलला.

अशा रस्त्यावर गाडी प्रथमच नेणाऱ्या चालकाला कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. शहराच्या गर्दीत मुळीच न कुरकुरणारी गाडी ताशी ८० किलोमीटरचा वेग ओलांडताच थरथरू लागते. ९५ च्या सुमारास स्टिअरिंग हातात नाचू लागते आणि ११० च्या पुढे गेल्यावर थरथर पुन्हा कमी झाल्यासारखी वाटते. पुष्कळदा याचा दोष रस्त्याला दिला जातो. वस्तुतः दोष चाकात अगोदरपासूनच असतो. मंद वेगात तो फारच क्षीण असतो आणि खड्ड्यांच्या धक्क्यांत तो ओळखूही येत नाही. गुळगुळीत रस्ता व मोठा वेग यांनी तो केवळ उघडा पडतो.

हा दोष मुळात कसला, हे शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला पाहता येईल. सायकल उलटी उभी करून तिचे पुढचे चाक हलकेच फिरवून सोडावे. थांबताना ते मागेपुढे झुलते आणि त्याची जड बाजू खाली येऊन स्थिरावते. बहुधा ती व्हॉल्व्हची बाजू असते. मोटारीच्या टायरचे रबर सर्वत्र काटेकोर सारख्या जाडीचे नसते, रिमही अगदी निर्दोष नसते. तेव्हा तेथेही एक बाजू काही ग्रॅमनी जड राहतेच.

काही ग्रॅमनी एवढी मोठी गाडी का हलावी? येथे थोडे गणित करणे इष्ट आहे. सुमारे ६२ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात जवळजवळ १.९ मीटर अंतर कापते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. म्हणजेच चाकाला दर सेकंदास १४ ते १५ फेरे घ्यावे लागतात. मारुती ८०० च्या १२ इंची रिमच्या लहान चाकाला त्याच वेगाने सुमारे १८ फेरे घ्यावे लागत. आता रिमच्या कडेवर, आसापासून १९ सेंटिमीटर अंतरावर, ३० ग्रॅम वजन अधिक आहे असे समजू. गोफणीतला दगड जसा हाताला बाहेर ओढतो, तसे हे वजन फिरताना आसाला ओढते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटर वेगाला ती सुमारे सव्वा किलोग्रॅम वजनाएवढी असते, १०० ला जवळजवळ ५ किलोग्रॅम व १२० ला ७ किलोग्रॅम वजनाएवढी होते. शिवाय तिची दिशा चाकाबरोबर फिरत राहते, त्यामुळे आसाला सेकंदातून चौदा-पंधरा वेळा वर-खाली व मागे-पुढे हिसके बसतात.

परंतु ओढ सतत वाढत असेल, तर ११० च्या पुढे थरथर कमी का व्हावी? याचे कारण अनुस्पंदन होय. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत गेल्यास तो उंच जातो, लय चुकवून दिलेले जोराचे धक्केही वाया जातात. टायरचे लवचीक रबर व त्यावर तोललेले चाक, आस आणि स्टिअरिंगचे सांधे यांची स्वतःची अशी एक लय असते. साधारण मोटारीत चाकाच्या वर-खाली उड्यांची ही लय सेकंदाला १० ते १५ कंपनांच्या आसपास असते. चाकाचे फेरे या लयीशी जुळले, की अल्प असमतोलही मोठा नाच घडवतो, लय मागे पडली की नाच ओसरतो. दोष मात्र गेलेला नसतो. ‘अमुक वेगाच्या पुढे गाडी ठीक चालते’ असे म्हणून वेग वाढवीत जाणारा चालक स्वतःची फसवणूक करून घेतो.

गुरुग्रामजवळील मानेसर व पुणे येथील वाहन-संशोधन संस्थांत कंपने मोजण्याची सूक्ष्म उपकरणे आहेत. तथापि हात, आसन व वेगमापक एवढ्या साधनांवरही निदानाचे बरेच काम होते. थरथर मुख्यतः स्टिअरिंगमध्ये जाणवल्यास पुढच्या चाकांचा संशय घ्यावा, आसनात व गाडीच्या तळात जाणवल्यास मागच्या चाकांचा. यानंतर एंजिनाला वगळावे लागते. त्याकरिता गाडीचा वेग तोच ठेवून एक गिअर खाली घ्यावा. एंजिनाचे फेरे वाढतात, चाकांचे तेवढेच राहतात. थरथर पूर्ववत् राहिली तर एंजिन निर्दोष समजण्यास हरकत नाही. ब्रेक दाबतानाच थरथर होत असेल, तर ब्रेकची तबकडी सर्वत्र सारख्या जाडीची उरलेली नसावी. वेग वाढविताना ती होते व पाय उचलताच थांबते, अशा वेळी एंजिनाची शक्ती चाकाकडे नेणाऱ्या दंडाचे सांधे झिजले असण्याचा संभव असतो. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत एक लांब दंड असतो. तो चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे चार फेरे घेतो, म्हणून त्याच्या दोषाने थरथरीपेक्षा बारीक गुणगुणच अधिक जाणवते.

कार्यशाळेत ‘अलाइनमेंट’ व ‘बॅलन्सिंग’ हे शब्द जोडीने उच्चारले जातात आणि ग्राहक त्यांना एकच समजतो. ही दोन कामे सर्वस्वी भिन्न आहेत. चाकांचे कोन चुकले तर गाडी एका बाजूस ओढते व टायर वेडेवाकडे झिजतात; त्या झिजेमुळे कालांतराने थरथर येईल, पण केवळ कोन सुधारून असमतोल जात नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरवून आतल्या व बाहेरच्या कडेला किती ग्रॅम कमी आहेत हे पाहतात आणि तेवढे वजनाचे तुकडे बसवितात. दोन्ही कडा पाहाव्या लागतात, कारण टायरला रुंदी असते. एका कडेची जड जागा दुसऱ्या कडेच्या जड जागेच्या नेमकी समोर असली, तर चाक स्थिर असताना समतोल दिसते, पण फिरू लागताच डावी-उजवीकडे लचकते. सायकलवरील प्रयोगात हा प्रकार दिसणार नाही.

तथापि यंत्राकडे जाण्यापूर्वी चाक धुवावे. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूस वाळून बसलेला चिखल एवढ्यानेही चाक असमतोल होते, आणि चिखलासकट तोल साधल्यास तो गळून पडताच थरथर परत येते. नंतर टायरची हवा थंड असताना मोजावी आणि टायरवरून हात फिरवावा. हे हात फिरविणे सर्वांत महत्त्वाचे आहे. टायरच्या भिंतीवर फुगवटा आला असेल किंवा नक्षीचा पट्टा एका जागी उचललेला असेल, तर आतील दोरे तुटले वा थर सुटले आहेत असे समजावे. असा टायर वजने लावून काही काळ शांतही करता येतो, आणि त्यातच धोका आहे. उत्तर भारतातील उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीत, महामार्गाच्या वेगाने तो फुटू शकतो. तो काढून टाकणे हाच एक उपाय आहे. टायर किती जुना आहे हे त्याच्या भिंतीवरील चार अंकांवरून कळते. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

थरथर एकाएकी सुरू झाली असेल आणि दर किलोमीटरला वाढत असेल, तर गाडी रस्त्याच्या सुरक्षित कडेला घेऊन चाकाचे नट प्रथम पाहावेत. सैल नटांनी चाक निखळल्याचे अपघात घडतात. नट घट्ट असल्यास पुढे चाक जमिनीपासून उचलून, वरची व खालची बाजू धरून हलवून पाहतात. खडखड लागली तर बेअरिंग किंवा सांधा झिजला आहे. तेथे बॅलन्सिंगवर पैसे खर्च करणे निरर्थक होय.

एवढे करूनही उलगडा न झाल्यास पुढची चाके मागे व मागची पुढे बसवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी पुन्हा चालवितात. हातातील थरथर आसनाकडे गेली तर दोष चाकांतच आहे; जागची हलली नाही तर तो आस, सांधे किंवा ब्रेकमध्ये शोधावा. बदललेल्या चाकांचे नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.