न मिटलेले खाते : भोपाळची वायुदुर्घटना आणि नवे आरोग्यसंशोधन

दिवाळीच्या पाडव्याला जुनी वही मिटून नवी वही उघडण्याचा आपला प्रघात आहे. परंतु वही मिटली म्हणून तीतील येणे-देणे मिटते असे नव्हे. शिल्लक राहिलेली बाकी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढून घ्यावीच लागते. आमच्या व्यापारी बंधूंना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मनुष्यदेहाचे खातेही याच रीतीने चालते, हे वैद्यकीय संशोधनाने गेल्या काही दशकांत अधिकाधिक स्पष्ट केले आहे. देहाला एकदा बसलेला आघात वरकरणी भरून निघाला, तरी त्याची बाकी कित्येक वर्षे पुढे ओढली जाते. इतकेच नव्हे, तर आईच्या नावावरील रक्कम पोटातल्या मुलाच्या नावे लिहिली जाऊ शकते. या सत्याचा अत्यंत दुःखद दाखला आपल्याच देशात, भोपाळ शहरात, घडला. त्या दाखल्यात संशोधनाने अलीकडे जी नवी नोंद केली आहे, ती सभासदांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या नजरेस आणावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र सरून ३ तारीख लागण्याच्या सुमारास युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत भयंकर उत्पात सुरू झाला. टाकीत मिथाइल आयसोसायनेट हे द्रवरूप रसायन सुमारे ४० टन होते, आणि त्यात पाणी शिरले होते. या रसायनाचे पाण्याशी हाडवैर. दोहोंची गाठ पडताच प्रचंड उष्णता निर्माण झाली, दाब वाढला आणि विषारी वायू बाहेर पडला. हवेहून जड असल्यामुळे तो जमिनीलगत सरकत जयप्रकाशनगर, काझी कँप, छोला, चांदबड अशा दाट वस्त्यांत पसरला. डोळे, श्वासनलिका व फुप्फुसे ही शरीराची ओलसर अंगे. म्हणून प्रथम घाला पडला तो त्यांच्यावरच. तोंडावर ओले फडके धरले असते तरी पुष्कळांचा बचाव होऊ शकला असता. परंतु शेजारच्या कारखान्यात काय साठविले आहे आणि ते सुटले तर काय करावे, हे त्या गोरगरीब रहिवाशांना कोणी सांगितलेच नव्हते. लोक धावत सुटले, आणि धावताना लागणाऱ्या धापेबरोबर विष अधिकच खोल गेले.

पुढे नुकसानभरपाईच्या कामकाजात पाच हजारांहून अधिक मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना हा आकडा याहून कितीतरी मोठा असल्याचे सांगत आल्या आहेत. भरपाई मिळालेल्यांची एकूण संख्या पावणेसहा लाखांच्या आसपास जाते.

हा वायू डोळ्यांना व घशाला झोंबणारा, परंतु लवकरच ओसरणारा आहे, असा समज आरंभी पसरविला गेला. त्यास पहिला शास्त्रीय हादरा शवागारात बसला. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदने करताना रक्ताचा असाधारण लाल रंग पाहिला, आणि विष फुप्फुसांपाशी न थांबता रक्तात उतरले असावे, असे अनुमान काढले. सोडियम थायोसल्फेटची सुई द्यावी, अशी त्यांची शिफारस होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी केलेल्या परीक्षणातही या औषधाने लाभ होतो असे आढळले. तथापि विष कोणते आणि उतारा कोणता, या वादातच उपचाराचे मोलाचे दिवस निघून गेले.

परिषदेने त्यानंतर जे काम हाती घेतले ते मात्र खरोखर मोठे होते. वायुबाधित भागातील सुमारे ८० हजार व बाधा न पोहोचलेल्या भागातील सुमारे १६ हजार माणसांची नोंद करून त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा सुरू झाला. धाप, खोकला, डोळ्यांचे विकार, मनावरील आघात यांची वर्षानुवर्षांची माहिती गोळा झाली. परंतु परिषदेचा हा दीर्घकालीन अभ्यास १९९४ साली थांबला. पुढील काम राज्य शासनाच्या पुनर्वसन अभ्यास केंद्राकडे गेले. कित्येक कुटुंबे जागा सोडून गेली, आणि मूळ यादीतील नावे गळत राहिली. २०१० साली परिषदेने भोपाळमध्ये पर्यावरणीय आरोग्यासाठी राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन केली, तेव्हा दुर्घटनेला पाव शतक उलटून गेले होते.

याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवून पाहावे. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबाँबच्या आघातातून वाचलेल्यांचा अभ्यास १९४७ साली सुरू झाला. १९५० पासून सुमारे १ लाख २० हजार माणसांच्या आयुष्याची नोंद ठेवली जात आहे, आणि ते काम आजतागायत चालू आहे. रक्ताचा कर्करोग आघातानंतर थोड्याच वर्षांत वाढला, तर फुप्फुस, जठर, स्तन इत्यादींचे कर्करोग कित्येक दशकांनी डोके वर काढू लागले, हे त्या अखंड नोंदीमुळेच जगाला कळले. दहा वर्षांनी वही मिटली असती, तर उत्तरार्ध कोणालाच वाचता आला नसता.

आता भोपाळच्या वहीतील सर्वांत नाजूक पानाकडे वळू. हे पान गर्भवतींचे आहे. मॅकगिल विद्यापीठाचे डॉ. दया वर्मा यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या रात्री गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती होती. त्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या पोटी जिवंत मूल जन्मास आले नाही. जी ४८६ बालके जन्मली, त्यांतील सुमारे १४ टक्के महिन्याच्या आत दगावली. त्याआधीच्या दोन वर्षांत हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. २००३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आणखी एक पाहणी आली. वायुबाधित आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलग्यांची उंची, वजन आणि डोक्याचा घेर इतरांपेक्षा कमी असल्याचे तीत दिसले. मुलींमध्ये मात्र असा फरक आढळला नाही.

यानंतरची नोंद आहे २०२३ सालची. त्या वर्षी दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. १९८९ साली कंपनी व भारत सरकार यांच्यात ४७ कोटी डॉलरांचा समझोता झाला होता. ती रक्कम अपुरी असल्याचे सांगून अधिक भरपाईची जी मागणी सरकारने सर्वोच्च न्यायालयात केली होती, ती १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. कायद्याच्या दृष्टीने ते खाते तेथे मिटले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जूनमध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांचा निबंध ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुर्घटनेच्या वेळी जे आईच्या पोटात होते, अशा पुरुषांत ३० वर्षांनंतर कर्करोगाचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे आठपट दिसले. त्यांचे शिक्षणही कमी झालेले होते. पंधराव्या वर्षाच्या सुमारास कामधंद्यास बाध आणणारे अपंगत्व त्यांच्यात अधिक आढळले होते. १९८५ साली जन्मलेल्या बालकांत मुलग्यांचे प्रमाणही घटलेले होते. नर गर्भ आघातापुढे अधिक दुबळा ठरतो, या जुन्या निरीक्षणाशी ते जुळते. आणि हे परिणाम वस्त्यांच्या सीमेत न थांबता शंभर किलोमीटरपर्यंतच्या प्रदेशात दिसून आले.

हे कळले कसे, हेही पाहण्यासारखे आहे. या संशोधकांपाशी भोपाळसाठी मुद्दाम ठेवलेली यादी नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरच्या घरोघरी साधे प्रश्न विचारले जातात. २०१५-१६ च्या त्या नोंदी व १९९९ ची दुसरी एक शासकीय पाहणी त्यांनी घेतली, आणि भोपाळपासूनचे अंतर व जन्माचे वर्ष यांच्या आधारे माणसांची तुलना केली. एखाद्या हुशार मुनिमाने हरवलेल्या खतावणीचा हिशेब रोजकीर्दीतून पुन्हा उभा करावा, त्यातलाच हा प्रकार.

या अभ्यासाच्या मर्यादा मात्र विसरता कामा नयेत. कोणाच्या श्वासात किती विष गेले याचे मोजमाप त्यात नाही. राहण्याच्या ठिकाणावरून ते अनुमानिले आहे. आजाराची माहिती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे. कर्करोग झालेल्यांची संख्या मुळातच लहान असल्याने ‘आठपट’ हा आकडा अंतिम मानू नये. परंतु बाकी शिल्लक आहे, एवढे यावरून निश्चित दिसते. ती किती, हे पुढील तपासणीने ठरेल.

पोटातल्या जिवावर बसलेला आघात तीस वर्षांनी वर यावा, हे प्रथमदर्शनी अद्भुत वाटेल. पण अवयव घडत असतात तेव्हाच त्यांची ठेवण ठरते, असे अन्यत्रही दिसले आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्यांत पन्नाशीच्या सुमारास साखर पचविण्याची शक्ती कमी झालेली आढळली. आपल्या पुण्यात के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील मातांची व मुलांची नोंद ठेवली आहे. आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळ हलकी असतात, परंतु त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी झालेली नसते, आणि मधुमेहाचे बीज तेथेच असावे, हा त्यांचा निष्कर्ष जगभर गाजला. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. ही उणीव असून फॉलिक आम्ल मात्र भरपूर, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली.

शेवटची गोष्ट आपल्या घरांशी निगडित आहे. ब-१२ वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी कुटुंबाला ते मुख्यत्वे दूध-दह्यातूनच मिळते. आहाराचा नियम पाळावा, पण घरातील लेकी-सुनांच्या रक्ताची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणाआधीच करून घ्यावी आणि उणीव असल्यास औषध घ्यावे. यात नियमाला कोठेही बाध येत नाही.

आपण दुकानाचा एक रुपया वहीबाहेर जाऊ देत नाही. मग घरातील माणसांच्या प्रकृतीची साधी वही का असू नये? जन्माचे वजन, मोठे आजार, शस्त्रक्रिया, रक्ताचे अहवाल, कोण कोठे राहिले व काय काम केले, एवढे वर्षातून एकदा लिहिले तरी डॉक्टरांना आणि पुढच्या पिढीला त्याचा अमोल उपयोग होईल. पाहणीसाठी कोणी दारात आला, तर त्यास खरी माहिती द्यावी. २०२३ चा शोध अशाच अनोळखी घरांनी दिलेल्या उत्तरांतून लागला. आणि ज्यांच्या गुदामांत कीटकनाशके, आम्ले वा अन्य रसायने असतात, त्यांनी माल काय आहे व अपघात झाल्यास काय करावे, हे नोकरांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. ओल्या फडक्याचे ज्ञान त्या रात्री वस्तीत असते, तर कित्येक घरांत पहाट झाली असती.

त्या वर्षी आईच्या पोटात असलेली बालके आज चाळिशीत आली आहेत. त्यांच्या नावे काय बाकी निघते, याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. कागदावर सही करून मिटविलेले खाते देहाने मिटवले आहे की नाही, हे तपासून पाहणे वैद्यकाचे काम आहे. आणि ती वही उघडी राहील हे पाहणे आपणा सर्वांचे.