उंबरठा आणि धांवपट्टी

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागांत, उमरगा-लोहाऱ्याच्या बाजूस, जुनीं घरें कशीं असत हें मराठवाड्याबाहेरील वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल. जाड दगडी भिंती, दगडांत दगड बसविण्यास केवळ माती, आणि वर लांकडी तुळयांवर मातीचें भक्कम माळवद. असें घर उन्हाळ्यांत गारवा देई, आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्या सांवलींत संसार होत. इ. स. १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस, अनंत चतुर्दशीचें विसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहांटे चारच्या सुमारास धरणी हालली. आणि ज्या माळवदानें पिढ्यांना सांवली दिली होती तेंच घरच्या माणसांच्या अंगावर आलें. लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, ह्या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. सास्तूरसारखीं गांवें क्षणांत ढिगारे झालीं.

मेलेल्यांची गणना झाली, त्यांच्यासाठीं देश रडला. ज्यांचे हातपाय मोडले होते ते कालांतरानें चालूंफिरूं लागले. परंतु अशा पडझडींत आणखी एक इजा होते. पाठीवर भार कोसळला म्हणजे कणा मोडतो. आणि कण्यांतील मज्जारज्जू एकदां तुटला म्हणजे हाडाप्रमाणें तो पुन्हां सांधत नाहीं. असा मनुष्य मरत नाहीं, आणि उठतहि नाहीं. ह्याला भूकंपच हवा असें नाहीं. चिंचेच्या झाडावरून पडणें, कोरड्या विहिरींत घसरणें, मोटारसायकलीचा अपघात, ह्यांपैकीं कशानेंहि तें घडतें. कमरेखालचें शरीर एका क्षणांत परकें होतें. बुद्धि शाबूत, वाणी शाबूत, दोन हात शाबूत. आणि वय कदाचित् अवघें पंचवीस. ह्या माणसाचें पुढें काय होतें, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

त्याचें एक उत्तर आपल्या घरांत मिळतें. एकत्र कुटुंबांत अशा माणसाची हेळसांड होत नाहीं, हें प्रथम मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. आई त्याचें ताट खाटेवर आणून देते, वहिनी पाण्याचा तांब्या हातांत ठेवतात, पुतणे त्याला उचलून ढाळजेंत नेऊन बसवितात. परंतु हळूहळू त्याला विचारून कांहींच होईनासें होतें. लग्नकार्यास नेण्याचा त्रास नको, म्हणून घराची राखण त्याच्याकडे येते. पाहुणे आले कीं त्याची खाट आंतल्या खोलींत जाते. पांच-सात वर्षांत, ज्या दोन हातांस कसलीहि इजा नव्हती, तेहि काडीसारखे होतात. हें सारें प्रेमापोटीं घडतें, म्हणूनच त्याविरुद्ध कोणी बोलत नाहीं.

दुसरें उत्तर पाहावयाचें तर दृष्टि दूर न्यावी लागेल. दर चार वर्षांनीं ऑलिंपिकच्या पाठोपाठ त्याच नगरांत अपंगांचे जागतिक सामने भरतात. त्यांस पॅरालिंपिक म्हणतात. तेथील पुरुषांची चाकांच्या खुर्चीवरील पंधराशें मीटरांची शर्यत डोळ्यांसमोर आणा. ही खुर्ची घरांतल्या खुर्चीसारखी नव्हे. पुढें लांब दांड्यावर एक लहान चाक, मागें दोन मोठीं. तीं वरून आंत झुकलेलीं व खालीं पसरलेलीं, म्हणजे वळणावर खुर्ची कलंडत नाहीं. मोठ्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटरांहून व लहानाचा ५० सेंटिमीटरांहून अधिक नसावा, दांते, सांखळी किंवा तरफ ह्यांचें साह्य घेऊं नये, चाकास एकच साधें गोल कडें असावें आणि तें केवळ हातांनीं फिरवावें, असा कडक नियम आहे. स्पर्धक पुढें वांकून छाती गुडघ्यांशीं आणतो, आणि कठीण हातमोजे घातलेल्या मुठींनीं तें कडें वरून खालीं हाणतो. तो कडें धरून ठेवीत नाहीं. ठोसा द्यावयाचा, सोडावयाचें, पुन्हां ठोसा द्यावयाचा, असा तो क्रम असतो.

सर्वांची इजा सारखी नसते. म्हणून वर्ग पाडलेले आहेत. ज्यांचे हात चांगले असून धडावरहि ताबा आहे त्यांचा वर्ग चौपन्नावा. हात चांगले पण धड ताब्यांत नाहीं अशांचा त्रेपन्नावा. ज्यांच्या हातांतहि बळ उणें आहे त्यांचे बावन्नावा व एकावन्नावा. तालमींत जोड पाहूनच कुस्ती लावतात, तसाच हा न्याय आहे.

आतां ह्या शर्यतींतील मर्म पाहूं. शंभर मीटरांच्या धांवेंत पायांनीं पळणारा मनुष्य खुर्चीवाल्यास सहज मागें टाकतो; कारण उभी असलेली खुर्ची हालविण्यांतच खुर्चीवाल्याचा वेळ जातो. परंतु अंतर वाढलें कीं हिशेब उलटतो. पायांनीं पंधराशें मीटर धांवण्याचा जागतिक विक्रम मोरोक्कोच्या हिशाम एल् गेरूज ह्यानें १९९८ सालीं केला. तो ३ मिनिटें २६ सेकंदांचा आहे. चौपन्नाव्या वर्गांतील उत्तम खुर्चीवाले हेंच अंतर तीन मिनिटांच्या आंत काटतात; म्हणजे त्यांचा सरासरी वेग ताशीं तीस किलोमीटरांहून अधिक पडतो! ह्याच जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. तेथील कुंभाराचें चाक ज्यानें पाहिलें असेल त्याला ह्याचें कारण समजावून सांगण्याची गरज नाहीं. जड चाकास पहिली गति देतांना दांडक्यानें सारा जोर लावावा लागतो. एकदां तें घुमूं लागलें कीं थोड्या साह्यानें फिरत राहतें. खुर्चीचेंहि तसेंच आहे. सर्वांत जड असतो तो पहिला रेटा.

आठशें मीटर म्हणजे धांवपट्टीच्या दोन फेऱ्या, आणि पंधराशें म्हणजे पावणेचार. ह्या मधल्या अंतरांस नुसतें बळ पुरत नाहीं. जो पुढें असतो तो वारा अंगावर घेतो. जो त्याच्या चाकामागें बेतानें राहतो त्याचा श्रम वांचतो. म्हणून जाणते स्पर्धक पहिल्या फेऱ्यांत घाई करीत नाहींत. परंतु फार मागें राहावें तर शेवटच्या फेरींत समोर चाकांची भिंत उभी राहते आणि बाहेरून वळसा घ्यावा लागतो. केव्हां दबावें आणि केव्हां निसटावें, हें क्षणांत ठरवावें लागतें. आणि मागून कोण येतो हें पाहण्यास आरसा लावण्याची मुभा नाहीं. स्वित्झर्लंडचा मार्सेल हूग ह्या कलेंत निष्णात. जन्मापासूनच त्याच्या कण्यांत दोष. तरी टोकियो येथें २०२१ मध्यें भरलेल्या सामन्यांत त्यानें आठशें, पंधराशें व पांच हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा चार शर्यती जिंकल्या. त्या शर्यती पाहतांना प्रेक्षकांच्या मनांत कींव उत्पन्न होत नाहीं. ‘आतां निसटेल कीं नाहीं?’ एवढीच उत्कंठा असते.

हा प्रकार आकाशांतून पडलेला नाहीं. पहिल्या महायुद्धांत कणा मोडलेले बहुतेक शिपाई शय्याव्रणांनीं व मूत्राशयाच्या विकारांनीं लवकरच मरण पावत. त्यांच्यावर उपचार करणें व्यर्थ, अशीच वैद्यांची समजूत होती. जर्मनींतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुड्विग गुटमन ह्यांनीं १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें अशा रुग्णांचा विभाग हातीं घेतला. रात्रंदिवस दर दोन तासांनीं रुग्णाची कूस बदलावी हा त्यांचा पहिला दंडक; आणि रुग्णानें कांहीं तरी काम व कांहीं तरी खेळ केलाच पाहिजे हा दुसरा. १९४८ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस, लंडनचें ऑलिंपिक ज्या दिवशीं सुरू झालें त्याच दिवशीं, त्यांनीं आपल्या आवारांत सोळा जखमी स्त्री-पुरुषांचा तिरंदाजीचा सामना भरविला. १९६० सालीं तोच सामना रोम येथें जागतिक झाला. चाकांच्या खुर्चीची शर्यत १९६४ सालीं टोकियोस आली तेव्हां ती अवघी साठ मीटरांची होती. १९७६ सालीं टोरांटो येथें आठशें व पंधराशें मीटरांस आरंभ झाला. पुढें १९८४ सालीं लॉस एंजिलिस येथील मुख्य ऑलिंपिकमध्येंच पुरुषांची पंधराशें मीटरांची शर्यत प्रदर्शनार्थ ठेवण्यांत आली. बेल्जमच्या पॉल व्हान विंकेल ह्यानें ती जिंकली, तेव्हां त्याला चार मिनिटांस किंचित् कमी वेळ लागला. आज त्यांतील एक मिनिटाहून अधिक वेळ कमी झाला आहे. खुर्ची हलकी झाली हें खरें. परंतु खुर्ची आपण होऊन धांवत नाहीं.

हें सारें परदेशांतलें झालें, असें कोणी म्हणेल. तर मग सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर ह्यांची हकीकत ऐका. ते लष्करांत होते व मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत त्यांच्या अंगांत गोळ्या शिरल्या, त्यांतील एक कण्याजवळ राहिली, आणि पाय निकामी झाले. रुग्णालयांत उपचार म्हणून त्यांना पोहावयास लावलें. उपचाराचें रूपांतर अभ्यासांत झालें. १९६८ सालीं ते तेल अव्हीव येथें मेजावरील टेनिस खेळले. आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्यांत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. अपंगांच्या ह्या जागतिक सामन्यांतील भारताचें तें पहिलें सुवर्णपदक होय. त्याच सामन्यांत त्यांनीं भाला फेंकला, आणि खुर्चीवरून खांबांमधून वळणें घेत जाण्याच्या शर्यतींतहि भाग घेतला. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्यें, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनंतर. पदक आणणाऱ्यानें उशीर केला नव्हता. उशीर झाला तो आपल्या ओळखण्यास.

खडकी येथें कणा मोडलेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसनकेंद्र आहे, आणि तेथें खेळांस मान आहे. सैनिकाच्या पाठीशीं पलटण असते. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या पाठीशीं कोण असतें? त्याचें घर! म्हणून आम्ही पुन्हां घराकडे वळतों. शर्यतीची खुर्ची कांहीं लाख रुपयांची असते, ती प्रत्येकानें घ्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. आणि प्रत्येक अपंग तरुणानें पदक आणावें असेंहि नाहीं. धडधाकट मुलांपैकीं तरी कितीजण आणतात? आमचें सांगणें फार साधें आहे. पहिला रेटा सर्वांत जड असतो, आणि तो रेटा धांवपट्टीवर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर द्यावयाचा असतो.

आज सायंकाळीं घरांतील एखाद्या मुलाच्या हातीं मोजपट्टी द्या. चाकांच्या खुर्चीस आंत-बाहेर करण्यास दरवाजा सुमारें तीन फूट मोकळा हवा. जितकी उंची चढावयाची तिच्या बारापट लांबीचा उतार हवा. म्हणजे सहा इंचांच्या पायरीस सहा फुटांचा उतार झाला. हें काम गांवचा गवंडी एका दिवसांत करील. न्हाणीघराची पायरी, तुळशीवृंदावनाकडे जाणारी वाट, देवघराचा उंबरा, हीं त्याच क्रमानें पाहावींत. उंबरठा काढणें अशुभ, असें घरांतील वडील माणसें कदाचित् म्हणतील. तो काढूं नये, दोन्ही अंगांनीं उतार बांधावा, म्हणजे लक्ष्मीहि येईल आणि घरचा मुलगाहि बाहेर जाईल. त्याला दर अर्ध्या तासानें हातांवर जोर देऊन आसनावरून शरीर उचलावयास सांगावें. त्यानें शय्याव्रणें टळतात आणि हातहि कसतात. पाणी त्याला नेऊन देण्याऐवजीं माठ त्याच्या हाताच्या उंचीवर ठेवावा. ह्यांत सेवेचा भाग कमी झालेला दिसेल. मान मात्र वाढेल.

तुळजापुरास भवानीच्या दर्शनासाठीं पायऱ्या उतरून जावें लागतें. तेथें चार पुतण्यांनीं काकांस उचलून नेलें तर तें पुण्यच आहे, आणि काकांसहि त्यांत कमीपणा नाहीं. परंतु वर्षांतून एकदां देवीपर्यंत उचलून नेणें वेगळें, आणि रोज न्हाणीघरापर्यंत उचलून नेणें वेगळें. पहिल्यांत भक्ति आहे. दुसऱ्यांत, आपणांस कळत नाहीं इतक्या हळुवारपणें, त्या मनुष्याचे हात आपण काढून घेत असतों.

भूकंपानंतर ह्या जिल्ह्यांत नवीं गांवें वसलीं, तेथील रस्ते जुन्या बोळांहून रुंद व सरळ आहेत. रस्त्यानें आपलें काम केलें आहे. आतां त्या रस्त्यापर्यंत चाक कसें पोंचेल, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचें उत्तर सरकारच्या दप्तरांत नसून प्रत्येकाच्या दाराशीं आहे. खाटेवर पडलेल्या त्या तरुणास ‘तुला कांहीं हवें का?’ असें आपण रोज विचारतों. एकदां ‘तुला कुठें जावयाचें आहे?’ असें विचारून पाहावें, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहावें, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे.