आग्नेय वाऱ्याच्या मुलखात

मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरांवर, हिंदी महासागराच्या विस्तीर्ण एकांतात, रोद्रिग नावाचे जेमतेम ११० चौरस किलोमीटरांचे एक डोंगराळ बेट आहे. आणि प्रवाळांच्या भिंतीने महासागराच्या लाटांपासून राखलेले जे उथळ, हिरव्यानिळ्या पाण्याचे लगून त्याच्या सभोवार पसरले आहे, त्याचा विस्तार बेटाच्या जमिनीच्या दुपटीहून अधिक आहे. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस आणि वीसेक मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोकाशी वाऱ्याने ताणलेला पतंग, एवढ्या साधनांनी पाण्यावरून धावण्याची काइटसर्फिंग ही क्रीडा, ब्रुनो आणि दोमिनिक लगेन्यू या फ्रेंच बंधूंनी पाण्यात पडूनही न बुडणाऱ्या हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट १९८४ साली नोंदवल्यापासून हळूहळू रुजली, आणि २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तिला प्रथमच स्थान मिळाले. तिच्या उपासकांना रोद्रिग हे तीर्थक्षेत्रासारखे वाटते. परंतु तेथे जाण्याचा बेत आखताना रजा आधी आणि बाकी सारे मागाहून, हा आपला नेहमीचा क्रम सोडून द्यावा लागतो, कारण तेथील दिवस वारा ठरवतो, घटका चंद्र ठरवतो, आणि जागा तेथील रहिवाशांच्या उपजीविकेला धक्का न लावता निवडावी लागते.

प्रथम वाऱ्याचा विचार. रोद्रिग, मॉरिशस आणि रेयुनियाँ ही मस्करीन द्वीपसमूहातील बेटे. त्यांच्या दक्षिणेस, दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, वातावरणाच्या उच्च दाबाचे जे प्रबळ क्षेत्र निर्माण होते, त्यातून निघालेले आग्नेय व्यापारी वारे जून ते ऑक्टोबर या काळात रोद्रिगवरून सातत्याने वाहतात. तेच वायुप्रवाह पुढे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे वळतात, आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्या कोकणावर पाऊस घेऊन येतात. आपल्या मृगाच्या सरींचे माहेर असे दूर दक्षिणेस आहे हे मनात आणले म्हणजे त्या परक्या बेटाविषयी एकदम आपलेपणा वाटू लागतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असल्याने कोकणातील होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, नेमका त्याच सुमारास रोद्रिगचा पतंगांचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा मात्र चक्रीवादळांचा काळ. त्या दिवसांत भाडे स्वस्त मिळाले तरी हा बेत करू नये.

वाऱ्याचा वेग बहुधा १५ ते २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ ते ४६ किलोमीटर असतो. पतंगाची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ नॉटचा वारा २० नॉटचा झाला की ओढ पावणेदोन पट होते, आणि म्हणून एकाच पतंगावर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरते. मध्यम वजनाच्या मनुष्याने बारा आणि नऊ चौरस मीटरांचे दोन पतंग, शक्य झाल्यास त्याहून लहान तिसराही जवळ ठेवावा. मॉरिशसहून रोद्रिगला जाणारी विमाने बहुधा लहान, पंख्यांची असतात आणि सामानाची मर्यादा कडक असते; त्यामुळे फळी व पतंग त्याच फेरीने येतील किंवा नाही, याची लेखी हमी तिकीट काढण्यापूर्वीच मागून घ्यावी, अथवा फळी तेथेच भाड्याने घेण्याची तजवीज करावी.

आता चंद्र. लगून उथळ असल्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर ओहोटी खोल जाते तेव्हा त्याचे मोठमोठे भाग उघडे पडतात आणि प्रवाळ व समुद्रसाळींचे काटे वर येतात. उलट अष्टमीच्या सुमारास, ज्याला आपले कोळी भांग म्हणतात त्या दिवसांत, पाण्याचा चढउतार कमी असतो. उधाण-भांगाचा हा नियम पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी सारखा असल्याने भिंतीवरचे पंचांग तेथेही उपयोगी पडते. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा कोकणी हिशेब मात्र तेथे लागू नाही, त्यासाठी स्थानिक कोष्टकच पाहावे. आग्नेय किनाऱ्यावरील मुरूक हे ठिकाण प्रसिद्ध झाले, कारण तेथे वारा चुकलेल्या स्वाराला किनाऱ्याकडे ढकलतो. परंतु जवळच प्रवाळभिंतीतून बाहेर जाणारी खोल वाट आहे आणि ओहोटीचे पाणी तिच्यातून समुद्रात धावते. पश्चिम किनाऱ्यावर तोच वारा माणसाला जमिनीपासून दूर नेतो. गंभीर दुखापत झाल्यास रुग्णाला मॉरिशसला हलवावे लागते, तेव्हा या क्रीडेचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा उतरवावा. आणि दोऱ्या तत्क्षणी सोडण्याचा सराव रामेश्वरमसारख्या आपल्याकडील किनाऱ्यावर आधी पक्का करून मगच निघावे.

पण माझ्या मते सर्वांत जपण्याची गोष्ट वेगळीच आहे. ओहोटीच्या वेळी हातात टोकदार सळई घेऊन रोद्रिगच्या स्त्रिया त्या उथळ पाण्यातून चालत ऑक्टोपस टिपतात; कित्येक कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. पकड घटू लागल्यावर २०१२ साली ऑगस्टच्या मध्यापासून दोन महिने ऑक्टोपस धरण्यास प्रथमच मनाई करण्यात आली, आणि पुढे ही मुदतबंदी पाळली जाऊ लागली. बंदी उठते तो दिवस त्यांचा सुगीचा. त्या दिवशी, आणि एरवीही माणसे पाण्यात पायी उतरलेली असताना, ताणलेल्या दोऱ्या घेऊन त्यांच्यामधून धावणे हा अन्याय आहे. लगून त्यांचे शेत आहे, पाहुण्याने बांधाबाहेरून जावे. कोणत्या दिवशी कोणता भाग मोकळा असतो, हे उतरल्याबरोबर यजमानांना विचारून घ्यावे.

परतीच्या वाटेवर मॉरिशसमध्ये एकदोन दिवसांची सवड ठेवणे शहाणपणाचे, कारण बेटावरची विमाने वाऱ्यापावसाने खोळंबतात. त्या देशात मराठी वंशाचे लोक एकोणिसाव्या शतकापासून नांदत आहेत, आणि गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते. तो सण वाऱ्याच्या हंगामातच येत असल्याने मुक्कामाची व्यवस्था आधी करावी, आणि जमल्यास विसर्जन पाहावे.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हा वाऱ्याचा ऋतू तेथील कोरडा ऋतू असतो आणि गोड्या पाण्याचे दुर्भिक्ष बेटाला कायमचे छळते. खाऱ्या पाण्याने दोऱ्या व झडपा खराब होतात म्हणून रोज सारे साहित्य नळाखाली धुण्याची सवय आपण घरी लावून घेतलेली असते. तेथे वाळू वाळल्यावर हाताने झटकावी, पतंगाच्या दांडीवरील, दोऱ्या सोडण्याच्या खटक्यावरून ओले फडके फिरवावे, आणि संपूर्ण धुलाई आपल्या घरी पोहोचल्यावर करावी.